पाच डॉलरचं टेबल

स्पार्क्स, नेव्हाडा
२ ऑक्टोबर २०१८

डेल,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट लगेच कचऱ्यात टाकू नकोस. गोड बोलायला लिहीत नाहीये, काम आहे. आपल्या धंद्यातलं काम आहे, आणि ते ज्याला विचारावं असं माणूस तुझ्याशिवाय उरलेलं नाही, हे माझं दुर्दैव.

विनमकाचं ते कॅसिनो मी विसरलेले नाही. ते टेबल आपण दोघींनी शोधलं, दोघींनाच ठाऊक होतं, आणि एका शनिवारी कॅलिफोर्नियाहून पत्ते मोजून कॅसिनोला लुटणाऱ्या पोरांनी भरलेली बस दारात उभी राहिली. सोमवारी टेबल बंद, आणि आपल्या दोघींनाही पुन्हा पाऊल ठेवू नका म्हणून बाहेर काढलं. मी कुणाला बोलले नव्हते. मग उरलं कोण? आपल्या आईच्या दफनाला मी दफनभूमीच्या फाटकातूनच गाडी वळवली, ती तू आत उभी दिसलीस म्हणून. तुझी पत्रं न फोडता परत केली, ती त्यासाठीच. नंबरही बदलला. हे सगळं आहे तसंच आहे. आता कामाचं.

मी अजून ऑस्गुडच्या यादीसाठी फिरते. तोच तो, रिनोचा गणिताचा म्हातारा मास्तर. कुठल्या कॅसिनोत कमी पैशांचं सरळ टेबल आहे ते शोधायचं, नियम वाचायचे, त्याला कळवायचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी यादी छापायला जाते. आपल्यासारख्या पेन्शनीतल्या लोकांसाठी आहे, पण वाचतात सगळेच, बसवालेही. हल्ली यादी अर्ध्या पानाचीच होते. जिकडे जावं तिकडे ब्लॅकजॅक लागला की पाचाला सहा देतात. पूर्वी दोनाला तीन मिळायचे, तेव्हा म्हातारी माणसं एक सकाळ आरामात काढायची. आता दहा लावून ब्लॅकजॅक लागला तरी पंधराच्या जागी बारा हातावर टेकवतात, आणि वर हसून अभिनंदन करतात.

तर गार्डनरव्हिलच्या अलीकडे पेट्रोल पंपाला चिकटून टिन लँटर्न म्हणून एक जागा आहे. पूर्वी ट्रकवाले अंडी खायला थांबायचे. कुणी उरूतिया नावाचा, स्पेनकडचा बास्क म्हातारा मालक आहे. मी फक्त बाथरूमसाठी थांबले होते. आत एक टेबल. पाच डॉलरपासून. पत्त्यांचा एकच कॅट, हातानं पिसलेला. टेबलाच्या बनातीच्या कापडावर छापलंय: ब्लॅकजॅकला दोनाला तीन. एक्का-छक्कीच्या सतरावर पत्ते वाटणारी थांबणार. जोडी फोडल्यावरही पैसे दुप्पट करायला मुभा. सगळं खेळणाऱ्याच्या फायद्याचं. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

डेल, असं टेबल या राज्यात आता नाही. आणि जे असायला नको ते असलं की त्यामागं कुणाचा तरी हात असतो.

वाटणारी लुझ नावाची बाई आहे, छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गाव लिहिलंय इलोइलो, फिलिपिन्स. मी विचारलं, "हे कापड चुकून छापलं का?"

"मला पत्ते वाटायला ठेवलंय, बाई. छापणाऱ्याला विचारा," ती म्हणाली.

शेजारी डुएन म्हणून एक बोकड सिगार ओढत बसला होता. म्हणाला, "आजी, पैसे लावायचेत की कापडाचा पडदा शिवायचाय?"

"मी तुझी आजी असते तर तुझ्या तोंडात ते जळकं दांडकं राहिलं नसतं," मी म्हटलं. आणि बसले. बसले कारण उभं राहून काही कळत नाही. खुर्चीचा एक पाय लंगडा, कॉफी भांडी धुतलेल्या पाण्यासारखी. तेवढं सोडलं तर सगळं ठीक, आणि तेच मला खटकतंय.

कॅटमधल्या दश्श्या कमी केल्या असतील का? की ती अंगठ्याखाली वरचं पान दाबून दुसरं देते? तुझं नाक या बाबतीत माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी कबूल करते. खात्री झाल्याशिवाय ऑस्गुडला कळवणार नाही. मला चुकीचं कळवायची सवय नाही.

एल्कोची तुझी टपालपेटी चालू आहे की नाही कोण जाणे. उत्तर दे, म्हणजे फक्त पत्त्यांबद्दल.

रोवेना

 

स्पार्क्स
११ ऑक्टोबर

डेल,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालंय. गप्प राहण्यात तू पहिल्यापासून हुशार.

मी परत गेले. सकाळीच गेले, गर्दी नसते. काही न बोलता नुसत्या दश्श्या आणि चित्रं मोजत बसले. पिसण्याआधी ती कॅट उघडा पसरते, तेव्हा सलग पाच वेळा मोजलं. सगळी सोळा पानं जागेवर. एकदा तर लहान पानांवर लहान पानंच येत गेली, मी मनात म्हटलं, आता राणी यायला हवी, आणि राणीच आली. लुझचा अंगठा पाहिला. साधा अंगठा आहे, त्यावर भाजल्याचा डाग आहे, स्वयंपाकातला असावा. पान वरूनच येतं.

मग कशात आहे? काहीतरी असणारच. फुकटात कुणी चांगलं काही देत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या शेजारणीनं परवा जर्दाळूचा मुरंबा आणून दिला, तर दोन दिवस मी तो उघडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती माझी शिडी मागायला आलीच.

आता ऐक. खुर्चीचा पाय दुरुस्त केलाय. तीच खुर्ची, माझीच, नवा स्क्रू दिसतोय. कॉफीही ताजी, माझ्यासमोर उकळून आणलेली. लुझला विचारलं तर म्हणाली, "मालकांना उशिरा का होईना सुचलं."

"मालकांना खुर्च्या मोजायला वेळ असतो का?"

"बाई, पाय दुरुस्त केला म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

डुएन म्हणाला, "तिला लंगडीच द्या, ती लंगडीवरच खूश होती." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण सांगते, माणूस वाईट नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. घरी रेडिओ लावून ठेवतो, बाहेर पडताना बंद करत नाही. हे त्यानं न विचारता सांगितलं, म्हणून मी त्यावरही थोडा संशय ठेवलाय.

छताला काळा घुमट आहे, कॅमेरा. तो आपल्या टेबलाच्या बरोबर वर आहे. बाकी ठिकाणी कॅमेरा स्लॉट मशीनवर असतो, तिथं पैसा असतो. पाच डॉलरच्या टेबलावर इतकं लक्ष कशाला? माझी फाईल असणार कुठंतरी. विनमकानं सगळीकडे पाठवली असेल. रोवेना टॉलसन, वय सत्तर, जागा सोडत नाही.

दोन तक्रारी आहेत अजून. दोन डाव झाले की लुझ पत्ते पिसायला घेते, त्यामुळे सगळी सकाळ पिसण्यात जाते. आणि डुएनचा सिगार. त्याची बायको असती तर मी तिच्याकडे तक्रार केली असती.

उत्तर दे. पत्त्यांबद्दल.

रोवेना

 

स्पार्क्स
१९ ऑक्टोबर

प्रिय डेल,

तू बरी असशील अशी आशा आहे. एल्कोला थंडी पडली असेल. लोकरीचं काही अंगात घालत जा, तुझा घसा लगेच धरतो.

टिन लँटर्नमध्ये छान चाललंय. तक्रार म्हणून काहीच नाही. मी उगाच शंका काढत होते, वयाचा परिणाम. माणसं भली आहेत.

माझ्याकडे विशेष काही नाही. हो, एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितली. त्याऐवजी मी टोमॅटोचा रस पिते, लिंबू पिळून. सकाळी एक ग्लास, दुपारी एक. इतका आवडायला लागलाय की कॉफीची आठवणही येत नाही. माणूस बदलतं बघ.

पुढच्या आठवड्यात काही नाही, त्यानंतरच्या मंगळवारी जाईन म्हणते.

तुझी,
रो

 

स्पार्क्स
३० ऑक्टोबर

डेल,

मागच्या पत्रातलं एक अक्षरही खरं नव्हतं. थंडीचं तेवढं खरं.

तू मला मूर्ख समजतेस का? पहिल्या पत्रात खुर्ची लिहिली, खुर्ची दुरुस्त. कॉफी लिहिली, कॉफी ताजी. मी म्हटलं योगायोग. दुसऱ्या पत्रात सिगार आणि पिसणं लिहिलं, आणि त्यानंतर गेले तर टेबलावर पाटी: या टेबलावर सिगार नाही. डुएन पंख्याखालच्या टोकाच्या खुर्चीत, तोंडात बडीशेपेची गोळी. लुझ आता अर्धा कॅट संपेपर्यंत पिसत नव्हती. या गोष्टी मी जगात एकाच माणसाला लिहिल्या होत्या.

तेव्हा मी तिसरं पत्र लिहिलं. गोड. तुझ्याशी गोड बोलताना माझे दात दुखले. आणि त्यात टोमॅटो घातला. तो मी तुझ्याशिवाय कुणालाच सांगितला नव्हता, कारण ते खोटं होतं.

आज सकाळी गेले. डाव चालू. लुझसमोर छक्की उघडी, माझ्या हातात दोन राण्या, वीस. तेवढ्यात पेयं आणणारी बाई ट्रे घेऊन आली. ट्रेवर दोन वस्तू. लाल ग्लास, काठावर लिंबाची फोड. आणि कॉफी.

तिनं ग्लास शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला आणि कॉफी माझ्यापुढं.

"मी काही मागवलेलं नाही," मी म्हटलं.

"वरून आलंय."

"वर कोण आहे?"

लुझ म्हणाली, "टेबलांच्या मॅनेजरबाई. हे टेबल त्यांचंच आहे म्हणा ना. मालक तयार नव्हते, भांडून मांडलं त्यांनी. नाताळपर्यंत चालवून बघ म्हणाले."

"आणि हा रस? माझा ना? मग तिकडं कशाला?"

"मला तसंच सांगितलंय," पेयंवाली म्हणाली. "रस रिकाम्या खुर्चीपुढं, कॉफी बाईंपुढं. मी दोनदा विचारून घेतलं, कारण मलाही विचित्र वाटलं."

डुएन मान लांब करून म्हणाला, "भुताला पाजताय का? मला द्या, गोळ्या चघळून जीभ सुकली."

मी उठले. वीस हातात असताना उठले, डेल. तुला कळेल त्याचा अर्थ. लुझ म्हणाली, "बाई, डाव तरी संपू द्या," पण मी पर्स उचलली आणि गाडीत येऊन बसले. दारं आतून लावून घेतली.

किती दिले त्यांनी तुला? माझी पत्रं वाचून दाखवतेस, की पाकिटासकट देतेस? एकदा विकलंस ते पुरलं नाही का? त्या वरच्या बाईला मी कशाला हवी आहे, ते अजून मला कळलेलं नाही. पण कुणीतरी मला बसवून ठेवायला बघतंय. खुर्ची मऊ करून, तोंडात घास भरवून. गाय दुभती करायची असली की असंच करतात.

आता मी काय करणार ते ऐक, आणि हे वाचून दाखव खुशाल. उद्या यादी छापायला जाते. सकाळी ऑस्गुडला सगळं देणार: पत्ता, नियम, किती डावांनी पिसतात तेही. वरच्या ओळीत, ठळक अक्षरात. शनिवारी बस येईल. सोमवारी ते टेबल सरपणात गेलेलं असेल, आणि तुमच्या मॅनेजरबाई मालकापुढं मान खाली घालून उभ्या असतील. विनमकाला आपण उभ्या होतो तशाच.

हे पत्र आत्ता टाकायला जातेय.

रोवेना

 

स्पार्क्स
३१ ऑक्टोबर

डेल,

हे पत्र एल्कोला टाकायचं नाही हे मला आता कळलंय. कुठं द्यायचं तेही कळलंय. पण मला आधी लिहून काढलं पाहिजे, मला तसंच विचार करता येतो.

सकाळी आठला ऑस्गुडला फोन केला. त्यानं पेन घेतलं. मी पत्ता सांगितला, नियम सांगितले. त्याला विश्वास बसेना, दोनदा म्हणायला लावलं. मग त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, पेयं फुकट का?

"फुकट आणि न मागता," मी म्हटलं. "मी टोमॅटोचा रस पिते असं त्यांना कुणीतरी सांगितलं, तर रस आला. आणि वर कॉफी."

"दोन्ही तुला?"

"कॉफी मला. रस शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. आहे की नाही चमत्कारिक?"

ऑस्गुडनं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. तो पोरांना शिकवायचा त्या आवाजात म्हणाला, "चमत्कारिक काय त्यात? म्हणजे तू तो पिणार नाहीस हे त्यांना माहीत होतं."

मी फोन मांडीवर ठेवला. तो हॅलो हॅलो करत राहिला.

आपलं ईलीचं स्वयंपाकघर. आई उन्हाळाभर टोमॅटो बरण्यांत भरायची आणि हिवाळाभर रस पाजायची, रोज सकाळी एक ग्लास, संपवल्याशिवाय उठायचं नाही. मला त्या वासानंच ओकारी यायची. एकदा चर्चच्या बुटांवर झाली, तेव्हा बाबांनी मला मागच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं. त्यानंतर तू आपला ग्लास घटाघटा प्यायचीस, आई चुलीकडे वळली की रिकामा माझ्यापुढं सरकवायचीस, माझा भरलेला आपल्याकडे ओढायचीस आणि तोही प्यायचीस. तुझ्या ओठांवर लाल मिशी यायची. आई म्हणायची, डेल बघ कशी आवडीनं पिते. तू सहा वर्षांची होतीस. तुलाही तो आवडत नव्हता.

पत्र वाचणाऱ्या कुणालाही रस पाठवता आला असता. तो शेजारच्या खुर्चीपुढं ठेवायला सांगणारं माणूस मात्र जगात एकच आहे.

अगं, तू तिथं वर बसलीयस. त्या काळ्या घुमटामागं. एल्कोचं टपाल तुला तिकडंच येत असणार. मी लंगड्या खुर्चीवर डुलत बनात चाचपत होते, दश्श्या मोजत होते, अंगठे तपासत होते, आणि तू बघत होतीस. किती हसली असशील.

आणि टेबल. पाच डॉलर, एक कॅट, दोनाला तीन, सतरावर थांबणं, जोडी फोडून दुप्पट. ते नियम मी कुठं ऐकले होते ते मला का आठवलं नाही? आपण मोटारीत बसून म्हणायचो ना, आपलं स्वतःचं कॅसिनो असतं तर कसं टेबल ठेवलं असतं. तेच शब्द, त्याच क्रमानं. पत्रं मी परत केली, नंबर बदलला, फाटकातून वळले. तेव्हा तू मनाशी म्हणाली असशील, चांगलं टेबल मांडते, उत्तर नेव्हाडात कुठंही असलं तरी ती वास काढत येईल. बाथरूमसाठी थांबले म्हणे मी! पंपावर दोन ट्रकवाले पाच डॉलरच्या टेबलाबद्दल बोलत होते, म्हणून थांबले. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तेव्हा सापळाच होता तो. माझं नाक अजून शाबूत आहे, एवढं समाधान मला घेऊ दे.

मला राग आलाय. कॅसिनोच्या बाजूनं कधी उभं राहायचं नाही असं आपलं ठरलं होतं, आणि तू तर त्यांची चावी कमरेला लावून बसलीस. तू खाली का आली नाहीस म्हणूनही राग आला, मग फाटक आठवलं. तू खाली आली असतीस तर मी चिप्ससुद्धा न उचलता निघून गेले असते. तुला ते माझ्याआधी ठाऊक होतं. हे लिहिताना मी रडतेय. कागदावरचे डाग पावसाचे आहेत असं म्हणणार नाही, पाऊस नाहीच आहे.

पण आधी ऑस्गुडचं ऐक. तो अजून फोनवर होता.

"खोड ते," मी म्हटलं.

"काय खोडू?"

"टिन लँटर्न. सगळं खोड. मी चुकीचं वाचलं. पाचाला सहाच आहे."

"तू चुकीचं वाचलंस?"

"म्हातारी झाले."

"रोवेना, तुझा चष्मा उन्हाळ्यात बदललाय. त्याचे पैसे किती झाले ते तू मला तीन वेळा सांगितलंस. दोनाला तीन म्हणून आत्ता दोनदा शपथेवर सांगितलंस."

"मग दोनदा चुकले. खोड म्हणते ना."

रेघ ओढल्याचा आवाज आला. त्याला सगळं कळलं, किंवा काहीच कळलं नाही. मग म्हणाला, "यादीत इतक्या वर्षांत तुझी एक नोंद चुकलेली नाही. लोक तुझ्या भरवशावर तीन तास गाडी चालवतात. आता तुझं कळवलेलं मला दुसऱ्याकडून तपासून घ्यावं लागेल."

"घे," मी म्हटलं.

लागलं मला. फार लागलं, डेल. माझ्याजवळ मिरवायला तेवढंच होतं. ज्या यादीसाठी मी खरं बोलते तिच्याशीच खोटं बोलले, आणि ते बोलताना जीभ अडखळलीही नाही. तुझं टेबल नाताळपर्यंत राहील. डुएन सकाळी रेडिओ लावून घराबाहेर पडेल.

विनमकाचं तू सांगितलंस की नाही, मला माहीत नाही. काल रात्रीपर्यंत माहीत होतं. आज माहीत नाही. विचारलं तर तू सांगशील, आणि तू काहीही सांगितलंस तरी मी ते उलटंपालटं करून उजेडात धरून बघेन, मला ओळखतेस. म्हणून विचारणार नाही. बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी आजवर कुठल्या टेबलाला बसले नाही. या एका टेबलाला बसते.

कालचं पत्र तुझ्याकडे अजून यायचंय. न वाचता फाड. जमणार नाही तुला, तर वाच, पण शेवटून सुरुवात कर. शेवट जरा कमी वाईट आहे.

रो

 

टिन लँटर्न, टेबलावरून
१ नोव्हेंबर, सकाळ

डेल,

इथल्या केनो सोडतीच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहितेय, त्यांच्याच काळ्या खडूनं, म्हणून अक्षर जाड आहे. कालचं पत्र लुझच्या हाती वर पाठवलं. लुझ म्हणाली, "बाई, टेबलावर बसून लिहिणाऱ्यावर वरचे लोक नजर ठेवतात."

"ठेवू दे. त्यासाठीच लिहितेय."

माझ्या शेजारची खुर्ची मी पुढं झुकवून टेबलाला टेकवलीय. जागा धरली आहे असा त्याचा अर्थ, हे इथं सगळ्यांना कळतं. तरी तिघांनी विचारलं, कुणी आहे का इथं? मी म्हटलं, आहे. एक टोपीवाला म्हणाला, "दिसत तर कुणी नाही." डुएननं त्याला सांगितलं, "तिथं भूत बसतं, टोमॅटोचा रस पितं. तू जा स्लॉटवर." तो गेला. डुएनला मी आज एक सिगार आणून दिलाय, बाहेर ओढायला.

मी पेयंवालीला रस मागवून त्या जागेवर ठेवायला सांगितला. तुला तो आवडत नाही, मला माहीत आहे. नाही प्यायलीस तरी चालेल. माझ्याकडे सरकवलास तर मी पिऊन बघेन. बघेन म्हटलंय, पिईन म्हटलेलं नाही.

मॅनेजरला इथं खेळता येत नसेल. नुसती बस.

लुझनं पत्ते वाटले. मला बारा, तिच्यासमोर दुर्री उघडी. अशा वेळी तू पान घ्यायला लावायचीस आणि मी थांबायचे, आणि मग आपण एल्को येईपर्यंत भांडायचो. मी पान मागितलं. नव्वी आली, एकवीस. बघितलंस ना वरून?

आता घुमटाकडे बघणार नाही, मान दुखते. कोपऱ्यातल्या लिफ्टकडे बघतेय. पत्र वर जाऊन बराच वेळ झाला. तुला पहिल्यापासून हळू वाचायची सवय, ओठ हलवत. किंवा वाचून झालं असेल आणि तू तिथं वर केस सारखे करत असशील. किंवा येणारच नसशील, आणि तसं झालं तरी मी खुर्ची सोडणार नाही. लुझची पाळी संपेपर्यंत बसेन, मग दुसरी येईल तिच्यापुढं बसेन. डुएन म्हणतो, "आजी, जेवायचं काय?" मी म्हटलं, पर्समध्ये उकडलेली अंडी आहेत. तो म्हणाला, तू सैन्यात असायला हवी होतीस.

लिफ्ट उघडली. झाडूवाला निघाला.

परत उघडली.

तू अजून तशीच चालतेस, एक खांदा खाली टाकून. केस पांढरे झाले गं. माझं पत्र हातात घेऊन येतेयस, सगळ्यांसमोर, आणि रडून नाक लाल केलंयस, मॅनेजरनं असं करू नये. लुझ पत्ते धरून थांबलीय. डुएन उभा राहिलाय, टोपी काढून, त्याला काही माहीत नसताना.

थांब, खुर्ची सरळ करते.